गरम खोबरंपाणी, सदाफुली आणि आमचा फॅमिली ग्रुप

परवा तो मेसेज ग्रुपवर चौथ्यांदा आला. "टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे सांगतात, गरम पाण्यात खोबऱ्याचे दोन-तीन तुकडे टाकून प्या, कॅन्सरच्या पेशी मरतात." खाली कोणीतरी स्वतःची भर घातलीय, केमो चालू असेल तर साखर पूर्ण बंद, रोज सदाफुलीची पानं चावा, आणि ताप आला तर घाबरू नका, शरीर विष बाहेर टाकतंय. पाठवणारी आमची आत्या, मनाने अगदी चांगली, पण आईच्या केमोच्या सगळ्या सायकल, म्हणजे फेऱ्या, मी शेजारी बसून काढल्यात त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे बडवे सर असं काही बोललेलेच नाहीत, हा मेसेज खोटा आहे हे टाटा मेमोरियलने २०१९ मध्येच जाहीर केलंय. तरी तो फिरतोच, कधी खोबऱ्याच्या जागी अननस, कधी "केमोपेक्षा १०,००० पट ताकदवान" लिंबू. लिंबू म्हणे! केमोने तोंड आलेल्या पेशंटला लिंबू देऊन बघा एकदा. आईला वरणातलं मीठसुद्धा झोंबायचं. तिला आराम पडला तो कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा टाकून केलेल्या गुळण्यांनी आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने.

साखरेचं अर्धं खरं आहे म्हणून लोक फसतात. कॅन्सरची गाठ ग्लुकोज भरपूर खेचते, गाठ शोधणारा पेट स्कॅन त्याच्यावरच चालतो. पण मेंदूलाही ग्लुकोज लागतं, आणि तुम्ही नाही खाल्लं तर लिव्हर स्वतः बनवून रक्तात सोडतं, त्यामुळे चहा बिनसाखरेचा केला म्हणून गाठ उपाशी राहत नाही, वजन मात्र पेशंटचंच उतरतं. डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी, त्यात केमोसोबतच्या स्टेरॉइडने शुगर अजून चढते, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं.

सदाफुली. हो, विनक्रिस्टीन हे केमोचं औषध खरंच सदाफुलीतून मिळालंय. पण मोठ्या माणसालाही ते एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही फक्त शिरेतून. कुंडीतल्या पानात किती आहे हे कोण मोजणार, आत्या? आणि इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना मातीतलं कच्चं पान तोंडात घालायचं ते वेगळंच.

आता ताप, ज्याच्यासाठी मी हे सगळं टाईप करत बसलेय. बऱ्याच केमोंमध्ये डोसनंतर ७ ते १४ दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा इन्फेक्शन झालं तर पू नाही, खोकला नाही, कधीकधी ताप ही एकच खूण. १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्र असो की दिवाळी, हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं, विचारल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही कारण ती खूणच पुसली जाते.

मी दिली होती. तिसऱ्या सायकलनंतरचा दहावा दिवस, रात्री साडेअकरा, आई दोन गोधड्यांत कुडकुडतेय, थर्मामीटरवर १०१. गोळी दिली, तासाभरात ९९ वर आला, मी निवांत झोपले. पहाटे चारला तिला उठून बसता येईना, नुसती "पाणी, पाणी" करत होती. इमर्जन्सीत रिपोर्ट आला, न्यूट्रोफिल, म्हणजे त्याच लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त २००. लगेच शिरेतून अँटिबायोटिक लावलं, सहा दिवस अॅडमिट. तिथली सिस्टर रागावली नाही, फक्त म्हणाली, "ताई, फाईलचं शेवटचं पान बघितलं नाही का?" बघितलं नव्हतं. १००.४ आणि रात्रीचा फोन नंबर, दोन्ही लाल शाईत होतं.

आत्या, त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकलाय. शेजारच्या काकांची केमो सोमवारपासून आहे म्हणालीस ना, त्यांना खोबऱ्याचा मेसेज पाठवला असशील तर आजच फोन कर, आणि थर्मामीटर आहे का घरात तेही विचार.