घर बांधताना पाणी कुठे ओतावं आणि कुठे वाचवावं

घर बांधायला काढलं की लोक सिमेंटचा भाव विचारतात, सळईचा विचारतात, वाळू कुठून आणली ते विचारतात. पाण्याचं कुणी विचारत नाही, कारण ते बोअरमधून फुकट येतं. या फुकटच्या मालाबाबत मात्र बहुतेक साइटवर एकमत आहे: जिथे मोजून घालायचं तिथे ओता, जिथे ओतायचं तिथे वाचवा. तुम्हीही या परंपरेला बट्टा लावू नका.

सुरुवात बोअरपासून. पाणी प्रयोगशाळेत तपासायला देणं हा चार पैशांचा चुराडा आहे. आयएस 456 हे कॉंक्रीटचं भारतीय मानक म्हणतं की आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या कॉंक्रीटच्या, पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत हवं. म्हणू द्या. कोकणात खाडीलगत प्लॉट असेल आणि पाणी जिभेला खारट लागत असेल, तर चहाला टँकरचं घ्या आणि कॉंक्रीटला बोअरचं. क्षार सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालचं कॉंक्रीट ढकलून देते. त्याला बरीच वर्षं लागतात. तोवर ठेकेदाराचा मोबाइल नंबरही बदललेला असतो.

जोत्याच्या भरावात पायाच्या खड्ड्यांतून निघालेली काळी मातीच परत लोटा. ती बाहेर टाकायला ट्रॅक्टरचं भाडं आणि वर मुरूम विकत, असा दुहेरी भुर्दंड कशाला? काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते, म्हणजे फरशीलाही ऋतुमानाची जाणीव राहते. कुणाच्या आग्रहाने मुरूम आणलाच, तर सहा-आठ इंचांचा थर, त्यावर भरपूर पाणी, मग धुम्मस मारून दाबणं, मग पुढचा थर, असला सोपस्कार टाळा. तीन फूट एका दमात ढकला, वर सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (सळईविना कॉंक्रीट) उरका. इथे तुमचं बरंच पाणी वाचलं. पुढच्या पावसाळ्यात ते बाजूने झिरपून आपणहून आत येईल आणि भराव नीट बसवून देईल. एवढंच, की तोवर वर टाइल्स लागलेल्या असतील.

वाचवलेलं हे पाणी आता स्लॅबच्या दिवशी सढळ हाताने खर्च करा. साइटवर एम-20 प्रतीचं कॉंक्रीट कालवायचं म्हणजे सिमेंटच्या एका गोणीला सव्वा घनफुटाच्या फर्म्याने (मापाच्या पेटीने) दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. पाणी गोणीमागे फार तर 30 लिटर, आणि वाळू ओली असेल तर तिच्या अंगातलं पाणी याच तिसात धरायचं. सिमेंटला स्वतःच्या रासायनिक क्रियेला वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पुरतं. बाकीचं निव्वळ माल हलावा म्हणून. हे जादाचं पाणी पुढे उडून जातं आणि आपल्या जागी बारीक छिद्रं सोडून जातं. त्याच छिद्रांतून पुढे पाऊस आत येतो. पण मिक्सरवाल्याला यातलं काही सांगून त्याचा हिरमोड करू नका. मोजायला त्याच्याकडे रंगाचा रिकामा डबा असतो, तो मुकादमाला बसायला लागतो, आणि म्हणून पाइप थेट ड्रममध्ये सोडलेला असतो.

टोळी उक्त्यावर आलेली असते. स्लॅब दुपारी तीनला संपला काय नि रात्री नऊला संपला काय, पैसे तेवढेच. त्यामुळे "साहेब, माल पळत नाही" हे वाक्य दर अर्ध्या तासाने ऐकू येईल. माल पळायला हवा असेल तर गोणीमागे शे-दोनशे मिलिलिटर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, घालता येतो, माल हलवून बसवणारा नीडल व्हायब्रेटर फिरवता येतो. हे उपाय महाग म्हणून सोडून द्या. 30 सेंटिमीटर उंचीच्या शंकूत माल भरून शंकू उचलायचा आणि माल किती खचतो ते पाहायचं, ही स्लम्पची तपासणी तर मुळीच नको. स्लॅबला पाच ते दहा सेंटिमीटर खचणं ठीक मानतात. तुमचा माल शंकू उचलताच जमिनीवर लोळण घेईल आणि पेढे वाटायच्या दिवशी उगाच तोंड कडू होईल. कारखान्यातून तयार येणारं रेडीमिक्स मागवलंत म्हणजे सुटलात असंही समजू नका. गाडी ट्रॅफिकमध्ये तासभर अडकली असेल, तर ड्रायव्हरकडे पाण्याची टाकी असते आणि तुमच्याबद्दल सहानुभूतीही.

संध्याकाळी स्लॅबवर पाणी तरंगू लागलं, तर वरून कोरडं सिमेंट भुरभुरायला सांगा. पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. पुढे तो पापुद्रा सुटतो, पण फोटो त्याआधीच काढलेले असतात. कॉलममध्ये मात्र पातळ माल वेगळी करामत करतो: शटरिंगच्या, म्हणजे साच्याच्या, फटींतून सिमेंटचं पाणी गळून जातं आणि तळाशी नुसती खडी उरते. याला हनीकोंब म्हणतात. साहेब यायच्या आत ते गिलाव्याने लिंपण्याचं कसब गवंड्याला न शिकवता येतं.

स्लॅब पडला, जेवणावळ झाली. इथून पुढे पाण्याची काटकसर सुरू. बाजारात हल्ली बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं. त्याला किमान दहा दिवस आणि कडक उन्हाळ्यात चौदा दिवस सतत ओलं ठेवावं, असं मानक सांगतं. आपल्याकडे स्लॅब पावसाळ्याआधी उरकायचा म्हणून नेमका मे महिन्यात टाकतात. वाळूचे बांध घालून वाफे करायचे आणि त्यात दोन इंच पाणी सतत उभं ठेवायचं, हे फार झालं. वॉचमनला सकाळ-संध्याकाळ पाइप धरायला सांगा. अकरा वाजता स्लॅब कोरडाठाक होतो, पण अकरा वाजता तुम्ही ऑफिसात असता. कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळतात म्हणे. गोणपाट साचा बांधणाऱ्या सेंट्रिंगवाल्याला मांडी घालून बसायला ठेवा. टेकू कधी काढायचे, हेही सेंट्रिंगवाल्याच्या पुढच्या साइटवर सोपवा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला सात दिवस, त्यापुढे चौदा, सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा, हे आकडे सुद्धा सिमेंट साधं असेल आणि क्युरिंग, म्हणजे हे ओलं ठेवणं, नीट झालं असेल तर. त्याला मात्र साच्याच्या प्लेटा गुरुवारी हव्या आहेत.

विटांचं सूत्र सोपं आहे: उलट करा. मातीची वीट बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावी लागते, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि जोड भुसभुशीत राहतो. ती कोरडीच लावा. एएसी, म्हणजे हलका सच्छिद्र सिमेंटचा, ब्लॉक भिजवायचा नसतो, नुसता वरून ओलसर करायचा असतो. त्याला हौदात बुडवा. जेवणाच्या सुटीआधी कालवून ठेवलेला माल दुपारी घट्ट झाला, तर पाणी मारून परत फावडं चालवा. सिमेंटचं सेटिंग एव्हाना सुरू झालेलं असतं आणि त्या पाण्याने ते मागे फिरत नाही.

बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन, म्हणजे सन्कन करून, पाइप टाकले की दाब देऊन गळती पाहणं आणि वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी तुंबवून खालून छत बघणं, यात टाइल्सवाला खोळंबतो. त्याला खोळंबवू नका. ढाळ मार्बल बसवणाऱ्याच्या नजरेवर सोडा. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे निघालं तर उंबरा आहेच. गच्चीच्या कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थराला, शंभराला एक ढाळ धरतात, तो कागदावर द्या. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई करायला सांगू नका, पाऊस बरोबर तिथूनच वाट काढतो आणि त्याच्या वाटेत आपण कोण येणार. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या कडेला करंगळी मावेल एवढी खाच असली की पाणी तिथेच तुटून खाली पडतं. इतकी स्वस्त गोष्ट कुणी मनावर घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. पाण्याची टाकी जागा मिळेल तिथे ठेवा. हजार लिटर म्हणजे एक टन भरतो हे खरं, पण आरसीसी डिझाइनवाल्याने बीम कुठे दिलाय ते बघायला नकाशा उघडावा लागतो.

शेवटचा हप्ता वास्तुशांतीच्या दिवशी, पाऊस सुरू व्हायच्या आत, पूर्ण चुकता करा. पाच-दहा टक्के एक पावसाळा हातात राखून ठेवणारे लोक ठेकेदारांत फार अप्रिय असतात.

मग जुलैत बेडरूमच्या भिंतीला ओल येईल, पुट्टीचे पोपडे सुटतील. पाणी बाहेरून येतंय, तेव्हा डॅम्पप्रूफ रंग आतून द्या. दोन वर्षांनी गच्चीवर पत्र्याची शेड टाका. शेडचे खांब उभे करताना कोब्यातून ड्रिल मारून स्लॅबमध्ये बोल्ट ठोकायला विसरू नका. गच्चीचा जो कोपरा अजून गळत नव्हता, खांब नेमका तिथे येतो.