टबात पाणी कुठून सोडायचं?

‘पाणी कुठनं यायलंय?’ हा प्रश्न सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये, पुराच्या दिवसांत विचारतात, आणि त्याचं उत्तर कोयना, वारणा नाहीतर अलमट्टी यांपैकी एखादं धरण असं असतं. ऐन एप्रिलमध्ये, सॅनिटरीवेअरच्या गार दुकानात बसवून, हातात कोल्ड्रिंक देऊन कुणी तोच प्रश्न विचारला की नदीकाठच्या गावभागातला माणूस दचकतो.

“सर, टबचं फिलिंग कुठून घेणार?” काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

अंघोळीचा टब घ्यायचा हे घरात चटकन ठरलं होतं. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथं इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट, म्हणजे आमच्या तळमजल्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. तेव्हापासून घरात जे नवं होतं ते वरच्या मजल्यावर होतं. बाथरूमही वर काढायची ठरली, आणि बायकोनं पुण्याला बहिणीकडे टब बघितला होता. विषय संपला. पाणी नळातून येईल, त्यात काय विचारायचं, असं मी धरून चाललो होतो.

पण नळ भिंतीत हवा, टबाच्या काठावर हवा, की जमिनीतून वर आलेला? शिवाय छतातून सरळ धार सोडणारा प्रकार असतो, आणि नळ अजिबात न दिसणाराही. मुलानं एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली. छताचा प्रकार मी तिथंच बाद केला. आमच्याकडे छतातून पाणी पडायला लागलं की आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन जातो.

बायकोचं मन बसलं ते जमिनीतून आलेल्या नळावर. भिंतीपासून लांब ठेवलेला टब आणि शेजारी बगळ्यासारखा एका पायावर उभा असलेला चकचकीत नळ. किंमत ऐकून मी कोल्ड्रिंकचा ग्लास खाली ठेवला. तिनं माझा उचलून प्यायला.

आमच्या प्लंबर मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून, मग जवळ धरून बघितला आणि विचारलं, “साहेब, प्रेशर कुठनं आणायचं?”

ही माणसं बोलतात कमी, पण नेमकं बोट ठेवतात. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण एक बार दाब मिळतो. असले परदेशी थाटाचे बरेचसे नळ निदान तेवढा तरी मागतात. आमची टाकी गच्चीवर, बाथरूम तिच्या बरोबर खाली, मधे जेमतेम तीन मीटर. म्हणजे दाब पाव ‘बार’च्या जरा वर. “एवढ्यात बगळा रडंल,” मिस्त्री म्हणाले. प्रेशर पंप बसवता येतो, पण तो पहाटे सुरू झाला की बाबांना मोटर कुणी चालू ठेवली म्हणून जिने चढून यावं लागणार. दुसरं म्हणजे पाइप फरशीखालून न्यायचा, फरशी बसायच्या आधीच जागा मुक्रर करायची, आणि मग टब इंचभरही हलवायचा नाही. आमच्या घरात कपाट दर दिवाळीला भिंत बदलतं.

काठावरचा नळ त्या मानानं गरीब. पण त्याचे सगळे जोड टबाच्या पोटात. खाली हात जाईल अशी झडप ठेवली नाही, तर पुढंमागं एक वॉशर बदलायला टाइल्स फोडायच्या. मिस्त्री हे सांगत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला जरासा आनंद दिसला, पण तो माझा भास असेल.

आता राहिला तो न दिसणारा नळ. टब काठोकाठ भरून सांडू नये म्हणून वरच्या बाजूला एक भोक असतं, जादा पाणी त्यातून जातं. या प्रकारात त्याच भोकाच्या झाकणामागून पाणी आत येतं. दिसायला फार सुबक. मी घरी येऊन बाबांना उत्साहानं समजावलं. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“म्हणजे जे पाणी जायचं भोक, त्यातनंच पाणी आत येणार?”

“हो.”

“हे बघायला पैसे मोजायचे? कृष्णामाई फुकट दाखवते की.”

यावर सांगलीत वाद घालता येत नाही. पुराचं पाणी पुढच्या दारानं कधी येतच नाही. नदी अजून लांब असते, आणि आपल्या न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुड आवाज यायला लागतो. ज्यानं तो आवाज एकदा ऐकलाय, तो त्या भोकाकडे शांत मनानं बघत अंघोळ करणार नाही.

गंमत म्हणजे बाबांची शंका शास्त्रालाही धरून निघाली. पाणी सोडणारं तोंड टबातल्या पाण्यात बुडलेलं असलं, वरची टाकी संपली आणि खाली कुणी नळ उघडला, तर टबातलं पाणी उलटं पाइपात ओढलं जाऊ शकतं. म्हणून तोटी काठाच्या वर, हवेत मोकळी ठेवायची, नाहीतर मधे पाणी उलटं फिरू न देणारी खास सोय करायची. मिस्त्रींनी हे जेवणाच्या वेळी सांगितलं. आई भाताचं पातेलं हातात घेऊन थबकली. “म्हणजे ह्याच्या अंघोळीचं पाणी माझ्या आमटीत?” तो प्रकार तिथंच निकालात निघाला.

भिंतीतली साधी तोटी राहिली. झिरी मारायची, पाइप टाकायचे, प्लास्टर करायचं. उंची किती ठेवायची यावर मी कॅटलॉग उघडला, तर आईनं न्हाणीघरातून वीस लिटरची निळी बादली आणून टबाच्या काठावर धरली. “ही खाली बसली पाहिजे.” मिस्त्रींनी पेन्सिलनं भिंतीवर खूण केली. कॅटलॉग मिटला.

गरम पाण्याचा हिशेब मी एकट्यानं, रात्री केला. माणूस बसणार म्हणून टब पुरता भरायचा नाही. 120 लिटर धरले. थंडीत टाकीतलं पाणी 22 अंश, अंगाला हवं 40. गीझर 60 अंशांचं देतो, तर तसलं 57 लिटर लागणार. आमचा गीझर 25 लिटरचा, दोन हजार वॅटचा. एक भरणं तापायला अर्धा तास आणि वर थोडं. म्हणजे दोन भरणी ओतून तिसऱ्याची वाट बघायची, आणि तोवर पहिलं निवत बसणार. हा कागद मी बायकोला दाखवला नाही. घरात शांतता होती.

बाबा मात्र टबाला आता विरोध करेनात. कारण पावसाळ्यात कळलं. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, आयर्विनची पातळी 30 फुटांकडे सरकायला लागली, आणि त्या संध्याकाळी बाबांनी टब धुऊन, बूच लावून, थंड पाण्यानं काठोकाठ भरला. वर प्लास्टिकचा कागद, कागदावर दोन पाट, पाटावर तांब्या. पुरात चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही हे आम्ही सगळ्यांनीच भोगलेलं आहे, त्यामुळं कुणी काही बोललं नाही.

बायको टॉवेल, सुवासिक मीठ आणि मेणबत्ती घेऊन दारात उभी होती.

“पूर ओसरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही,” बाबा जिन्यातून म्हणाले.

“बादलीत घे गं,” आई म्हणाली. “आडवी फळी टाकलीय बघ मी. तोटीखाली बरोब्बर बसते.”