सीबीएस 46 वरून 69 वर गेलं, अँटेना कशाला काढताय?

अटलांटाच्या उपनगरात मुलाकडे राहणाऱ्या आमच्या काकूंनी मागच्या आठवड्यात खिडकीतला अँटेना उतरवून गराजमध्ये टाकला आणि "तो बॉक्स मागव" म्हणून मुलाच्या मागे लागल्या. कारण एक फॉरवर्ड. तोच मला पालकांच्या ग्रुपवर आला, मग पुण्याहून मामानेही काळजीपोटी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: सरकारविरोधी बातम्या दिल्या म्हणून अटलांटाच्या चॅनेल 46 चं लायसन्स काढून घेतलं, तिथल्या बातम्या बंद झाल्या, अमेरिकेत असं पहिल्यांदाच घडतंय, यामागे सगळा पैशांचा खेळ आहे, सीबीएस आता फुकट दिसणार नाही, अँटेना निकामी झाले. आणि शेवटी मुख्य माल: एकदाच पैसे भरा, बॉक्स घ्या, सगळी अमेरिकन चॅनेल्स आणि वर मराठी चॅनेल्सही कायमची.

आधी घडलं काय ते सांगतो. अमेरिकेत देशभरासाठी कार्यक्रम पुरवणारं नेटवर्क (सीबीएस हे त्यातलंच एक) वेगळं आणि ते कार्यक्रम दाखवणारी गावोगावची टीव्ही स्टेशनं वेगळी. काही स्टेशनं नेटवर्कच्या स्वतःच्या मालकीची असतात, बाकीची करार करून त्याचे कार्यक्रम दाखवतात. नाट्यसंस्थेने बालगंधर्वमधला प्रयोग यशवंतरावला हलवला, तर बालगंधर्वला कुलूप लागत नाही आणि नाटकही बंद पडत नाही. इथे तेवढंच झालं. 46 म्हणजे डब्ल्यूएएनएफ, मालक ग्रे मीडिया. त्यांचा सीबीएसशी करार संपला आणि 16 ऑगस्ट 2025 पासून सीबीएस चॅनेल 69 वर, म्हणजे डब्ल्यूयूपीएवर गेलं. हे 69 सीबीएसच्याच मालकीचं आहे. स्वतःचं स्टेशन असताना कार्यक्रम दुसऱ्याला कशाला द्यायचे, एवढा साधा हिशोब.

आता अँटेना, कारण खरं नुकसान इथे होतंय. सीबीएस आजही अटलांटात हवेतून, फुकट, त्याच अँटेनावर येतं. रिमोटवर 69.1 दाबा. नाही आलं तर सेटिंग्जमध्ये जाऊन इनपुट अँटेना ठेवा आणि ऑटो स्कॅन करा, काही मिनिटांचं काम आहे. तरीही नाही आलं तर अँटेना टीव्हीमागून काढून खिडकीत लावा आणि पुन्हा स्कॅन करा. "69 साठी वेगळा अँटेना लागतो" असंही कुणी काकूंना सांगितलं होतं. अहो, 69 हा फक्त पडद्यावर दिसणारा क्रमांक आहे. अमेरिकेत 52 ते 69 या जुन्या वाहिन्यांच्या लहरी 2009 च्या डिजिटल बदलात टीव्हीकडून काढून घेतल्या, पुढे 37 च्या वरच्याही गेल्या. आज तिथे टीव्हीचं प्रक्षेपण 36 पर्यंतच्याच लहरींवर चालतं. जुना क्रमांक लोकांच्या ओळखीचा म्हणून तेवढा ठेवलाय.

आणि तो बॉक्स. एकदा पैसे भरून जगातली सगळी चॅनेल्स कायमची देणं कुठल्याही कायदेशीर सेवेला परवडत नाही, कारण तिला दर महिन्याला वाहिन्यांच्या मालकांना पैसे द्यावे लागतात. अशा बॉक्समध्ये बहुतेक वेळा चोरलेलं प्रक्षेपण असतं. ते एक दिवस बंद पडतं, विकणारा फोन उचलत नाही, आणि तक्रार कुणाकडे करायची हाही प्रश्न उरतो. शिवाय कुठलं सॉफ्टवेअर भरलंय याचा पत्ता नसलेली वस्तू तुम्ही घरच्या वायफायला जोडून बसता. जे हवेतून फुकट येतं, तेच म्हाताऱ्या माणसांना घाबरवून विकायचं, याचा मला मनापासून संताप येतो. काका सीबीएसवरचा सकाळी अकराचा तो किमती ओळखायचा कार्यक्रम चुकवत नाहीत. तो गेला म्हटल्यावर माणूस बॉक्स घेणारच, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

लायसन्सचं म्हणाल तर ते रद्द झालेलंच नाही. करार संपल्यानंतरही 46 चं प्रक्षेपण चालूच राहिलं. लायसन्स नसतं तर ते एक मिनिटही चाललं नसतं. एफसीसी या सरकारी आयोगाची श्रोत्या-प्रेक्षकांसाठी लिहिलेली एक पुस्तिका आहे, त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येते. तीत स्वच्छ लिहिलंय की आयोग फक्त एकेका स्टेशनला लायसन्स देतो. सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स अशा नेटवर्कना देत नाही. म्हणजे कोणत्या स्टेशनने कोणत्या नेटवर्कचे कार्यक्रम घ्यायचे हा त्या दोघांमधला करार. तो संपला म्हणून लायसन्स जात नाही.

लोकांनी यावर विश्वास का ठेवला हे मात्र कळतं. 2025 मध्ये सरकारी दबावाच्या बातम्या खऱ्याच होत्या. ट्रम्प यांनी कोर्टात केलेल्या दाव्यात सीबीएसच्या मालक कंपनीने जुलैत 1.6 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. सप्टेंबरमध्ये एफसीसीच्या अध्यक्षांनी उघड इशारा दिल्यावर एबीसीने विनोदवीर जिमी किमेल यांचा रात्रीचा कार्यक्रम काही दिवस बंद ठेवला. यावर चिडायला हवंच. पण त्याचा अटलांटातल्या 46 आणि 69 शी संबंध जोडायला काडीचा पुरावा नाही.

46 च्या बातम्या बंद झाल्या हेही खोटं. नेटवर्क गेल्यावर रिकाम्या झालेल्या वेळेत त्यांनी स्थानिक बातम्या वाढवल्या.

"पहिल्यांदाच" म्हणणाऱ्यांना 1994 आठवत नसावं. फॉक्सने अमेरिकन फुटबॉलमधल्या एनएफसी या गटाच्या सामन्यांचे हक्क सीबीएसकडून हिसकावले आणि न्यू वर्ल्ड कंपनीत 50 कोटी डॉलर गुंतवले. मग त्या कंपनीची डझनभर स्टेशनं जुनं नेटवर्क सोडून फॉक्सकडे गेली. अटलांटाचं चॅनेल 5 त्यातलंच. 1949 पासून ते सीबीएसचं होतं, डिसेंबर 1994 मध्ये फॉक्सचं झालं. सीबीएसची तेव्हा इतकी धावाधाव झाली की त्यांनी हेच 69 विकत घ्यायचं ठरवलं होतं. ऐनवेळी 46 शी जमलं म्हणून तो बेत राहिला. अटलांटात याआधी सीबीएसने क्रमांक बदलला तो असा. आणि 4 ऑगस्ट 2025 ला, अटलांटाच्या बारा दिवस आधी, मायामीत 1957 पासून एबीसी दाखवणाऱ्या चॅनेल 10 नेही एबीसी सोडलं. त्या स्टेशनचंही लायसन्स कुणी काढलेलं नाही.

राहता राहिला "पैशांचा खेळ". हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. पूर्वी नेटवर्क स्टेशनांना पैसे द्यायचं. आता उलट, स्टेशनं नेटवर्कला देतात. 1992 च्या केबल कायद्यानंतर स्टेशनांना केबल कंपन्यांकडून प्रत्येक ग्राहकामागे पैसे मागता येऊ लागले, आणि त्यात नेटवर्क दरवर्षी मोठा वाटा मागतं. स्टेशन स्वतःचंच असेल तर वाटणीचा प्रश्नच येत नाही. याचा भुर्दंड शेवटी केबल घेणाऱ्यावर पडतो. बिलात "ब्रॉडकास्ट टीव्ही फी" अशी वेगळी ओळ असते, ती बघा. अँटेनावाल्याला ती लागत नाही.