तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो

हे वाक्य आमच्या अप्पांचं. अप्पा म्हणजे माझे सासरे. वय ७६, ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर उभं आयुष्य गेलं, दोन्ही गुडघे कुरकुरतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत, ताजमहालच्या बाहेर, भर दुपारी बारा वाजता त्यांनी हे वाक्य म्हटलं आणि फुटपाथच्या कडेला एका दगडी कठड्यावर बसले. मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि आम्ही पाचजण आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा आग्र्याला आलेला माणूस ताजमहाल न बघता परत आला. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून ही पोस्ट, सहलीत बघायच्या जागांचं बुकिंग आधी करण्याबद्दल, आणि ती मोठी आहे. मे महिन्याच्या सुट्टीचे बेत घरोघरी सुरू झालेत, तर वेळ काढून वाचा.

झालं असं होतं. रेल्वेचं रिझर्व्हेशन वेळेवर केलेलं, हॉटेल दोन महिने आधी सांगून ठेवलेलं, चकल्या-शंकरपाळ्यांचे डबे भरलेले. बघायचं काय ते मात्र तिथे गेल्यावर ठरवू, असं सगळ्यांचंच मत पडलं. रविवारी रात्री दिल्लीत पोचलो. सोमवारी सकाळी आंघोळी-नाश्ता उरकून लाल किल्ल्याला गेलो, तर किल्ला बंद. दर सोमवारी बंद असतो. म्हटलं, अप्पांना रेल्वे म्युझियम बघायचंय, तिकडे जाऊ. तेही सोमवारी बंद. नॅशनल म्युझियम बंद, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय बंद, अक्षरधाम बंद. दिल्लीचा सोमवार असा असतो, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर सोमवारी उघडी असते, तेही संध्याकाळी हॉटेलवाल्याने सांगितलं. तोवर दोन्ही मुलं रिक्षात झोपून गेली होती.

आग्र्याला शुक्रवारी जायचं ठरवलं होतं, गाडी सांगितलेली होती. बुधवारी रात्री ड्रायव्हरचा फोन आला की शुक्रवारी ताज बंद असतो, उद्याच निघा. घाईघाईत गुरुवारी निघालो, पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. पेट्रोल-डिझेलची गाडी ताजच्या जवळ नेता येत नाही, पाचशे मीटर आधीच थांबवतात. तिथून पुढे, मग तिकिटाची रांग, मग तपासणीची रांग. दिवाळीची गर्दी. तिकिटाच्या रांगेत पाऊण तास गेल्यावर अप्पांनी ते वाक्य म्हटलं.

नंतर कळलं, दिल्लीहून आग्र्याला जाणारी गतिमान एक्सप्रेस शुक्रवारी धावतच नाही. म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकातही ताजची सुट्टी धरलेली आहे.

आता माझं म्हणणं. आगाऊ बुकिंग म्हटलं की पुष्कळांना वाटतं, हा पैसेवाल्यांचा किंवा अति शिस्तीच्या लोकांचा उद्योग आहे. "एवढं काय मिनिटामिनिटाचं ठरवायचं, सुट्टीला चाललोय ना?" हे मी माझ्याच माहेरी ऐकलंय. माझं मत अगदी उलट आहे. तरुण, धडधाकट माणसाने बुकिंग न करता खुशाल जावं. तो दोन तास उभा राहील, नाही जमलं तर दुसरीकडे जाईल. बुकिंग लागतं ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसासाठी. रांगेत पहिल्यांदा तेच गळतात. आणि म्हातारं माणूस तक्रार करत नाही, हे लक्षात ठेवा. पाय दुखतात असं ते म्हणणार नाही. ते म्हणणार, तुम्ही जाऊन या.

आणि आपल्याला ही सवय नाही असंही नाही. आपण ठाणेकर आहोत. गडकरी रंगायतनला चांगल्या नाटकाचा प्रयोग लागला की पुढच्या रांगा मिळाव्यात म्हणून बुकिंग उघडायच्या दिवशी धावतो. गणपतीत कोकणात जायचं तर सकाळी आठच्या ठोक्याला घरातले चारही मोबाईल घेऊन बसतो, एकाचं नाही लागलं तर दुसऱ्याचं लागेल म्हणून. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ रिझर्व्हेशन १२० दिवसांऐवजी ६० दिवसांवर आलं, ते आपल्याला तोंडपाठ. मग तिथे पोचल्यावर बघायचं काय, तेवढंच नशिबावर का सोडायचं? रेल्वेचं तिकीट हे पोचायचं तिकीट. ज्यासाठी जातोय ते वेगळं.

या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा दिल्लीला गेलो. हट्ट माझाच होता. यावेळी काम उलट्या क्रमाने केलं. आधी वहीच्या एका पानावर फक्त सुट्टीचे वार लिहून काढले, सोमवारी काय बंद, शुक्रवारी काय बंद. मग अप्पांना आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, समोर बसवून विचारलं की दोघांना प्रत्येकी कुठल्या दोन जागा बघायच्याच आहेत. अप्पा म्हणाले, रेल्वे म्युझियम आणि ताज. आईंनी जरा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "राष्ट्रपती भवन आतून बघू देतात का गं?" दुसरी जागा काही त्यांनी सांगितली नाही. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना कुठे जायचंय, हे बहुधा कुणी विचारलंच नव्हतं. हे विचारा घरी. ही गोष्ट बुकिंगच्या आधीची आहे.

राष्ट्रपती भवन आतून बघू देतात. पण आधी वेबसाइटवर नाव नोंदवून दिवस आणि वेळ घ्यावी लागते. दारात जाऊन तिकीट मिळत नाही. मुख्य इमारतीसाठी माणशी ५० रुपये. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा तपशील भरावा लागतो. सुट्टीच्या दिवसातल्या वेळा पटापट जातात, म्हणून आम्ही महिनाभर आधीच घेतल्या. अमृत उद्यान, म्हणजे २०२३ पर्यंतचं मुघल गार्डन, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लोकांसाठी उघडतं. तिथे प्रवेश फुकट आहे, तरी वेळ आधी नोंदवलेली बरी. आई दरबार हॉलमध्ये पदर सारखा करून उभ्या राहिल्या, बराच वेळ वर त्या घुमटाकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "शपथविधी टीव्हीवर बघतो ना, ते हेच." बस, एवढंच. पण त्या दिवशी रात्री त्यांनी ठाण्याला चार फोन केले.

रेल्वे म्युझियम मंगळवारी केलं, सकाळी उघडल्या उघडल्या. तिथे पतियाळा संस्थानाची मोनोरेल आहे. एकाच रुळावर चालणारी गाडी, आणि एका बाजूला रस्त्यावरून धावणारं मोठं चाक, तोल सांभाळायला. अप्पा खाली वाकून त्या चाकाच्या आसापाशी बघत बसले. मग नातीला जवळ बोलावून समजावलं की वजन जवळजवळ सगळं रुळावर, या चाकाला फक्त गाडी कलू द्यायची नाही. तिने विचारलं, मग बैलगाडीसारखं नाही का? अप्पा इतके खूश झाले. दीड तास आम्ही एकाच इंजिनाच्या आसपास होतो आणि कुणालाही घाई नव्हती, कारण त्या दिवशी दुसरं काही ठरवलेलंच नव्हतं. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी आपल्याच ठाण्याला आली, हे तिथे उभं राहून त्यांनी नातवाला सांगितलं, त्याने ते पुढचे चार दिवस भेटेल त्याला सांगितलं.

ताजसाठी आदल्या रात्री आग्र्यातच मुक्काम केला. तिकिटं पुरातत्त्व खात्याच्या साइटवरून काढलेली. भारतीयांना ५० रुपये प्रवेश आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचे वेगळे २००, म्हणजे मोठ्या माणसाला २५०. चौघांचे हजार झाले, पंधरा वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत. एक नीट समजून घ्या, ऑनलाइन तिकीट काढलं तरी तपासणीची रांग चुकत नाही. पण तिकीटखिडकीची रांग चुकते, आणि सूर्योदयाच्या सुमाराला दार उघडतं तेव्हा गेलात तर तपासणीचीही रांग थोडकी असते. आत गेल्यापासून तिकीट तीन तास चालतं, ते पुरतं. आणि गेटबाहेर जे लपके, म्हणजे दलाल, मागे लागतात, रांगेशिवाय आत नेतो म्हणणारे, आपल्या हातात तिकीट असलं की त्यांच्याकडे वळून बघायचीही गरज पडत नाही.

अप्पा चौथऱ्यावर चढले. मध्ये दोनदा थांबले, पण चढले. आत संगमरवरात बसवलेल्या फुलांपाशी खिशातला वाचायचा चष्मा काढून लावला. एकेका पाकळीत वेगवेगळे दगड बसवलेत. बोट न लावता, बोटभर अंतर ठेवून ते त्या रेषेवरून हात फिरवत राहिले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सांधा दाखव मला. कुठाय सांधा?" आयुष्यभर मायक्रोमीटर, म्हणजे केसाएवढी जाडी मोजायचं उपकरण, हाताळलेल्या माणसाने ताजमहालला दिलेली ती पावती होती. हे तीन वर्षांपूर्वी दगडी कठड्यावर बसून कसं दिसलं असतं?

आता दुसरी बाजू, कारण तीही मी जवळून बघितली आहे. आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब परदेशात गेलं होतं, सहा दिवसांचा प्रत्येक तास बुक करून. तिसऱ्या दिवशी धाकट्याला ताप आला. तिकिटं परत न होणारी. आई मुलाजवळ हॉटेलात, बाप मोठ्या मुलीला घेऊन फिरतोय, आणि दोघांच्या डोक्यात वाया चाललेल्या पैशांचा हिशेब. ती सहल त्यांना अजून बोचते. म्हणून आमचा नियम असा आहे की दिवसाला एकच गोष्ट बुक करायची, तीही सकाळची. दुपार मोकळी. दुपारी म्हातारी माणसं झोपतील, मुलं लोळतील, वाटलं तर संध्याकाळी इंडिया गेटला जाऊन भेळ खातील. मोकळी दुपार हा सहलीचाच भाग आहे, तिला वाया गेलेला वेळ समजू नका.

परदेशात काही ठिकाणी तर आधी तिकीट घेतल्याशिवाय जायचा विचारच करू नये. अ‍ॅम्स्टरडॅमला नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकचं घर आहे, तिथली तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या दिवसांची उघडतात. मिलानला लिओनार्दोचं 'लास्ट सपर' हे भिंतीवरचं चित्र बघायला ठरावीक लोकांना पंधरा मिनिटं आत सोडतात. बुर्ज खलिफावर सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट इतर वेळेपेक्षा महाग असतं. दुबईला जाणारे हे लक्षात ठेवा. मुलांसाठी सकाळची वेळ घ्या, तेव्हाही तेवढंच दिसतं.

आणि एक कळकळीचं. गूगलवर ताजचं किंवा राष्ट्रपती भवनाचं तिकीट शोधलं की वरच्या दोन-तीन साइट एजंटांच्या निघतात. दिसायला सरकारी वाटतात. माझ्या ऑफिसातल्या एका ताईंनी अशाच एका ठिकाणी जवळजवळ तिप्पट पैसे भरले, हातात आलं ते साधंच तिकीट. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असलेल्या अधिकृत साइटवरून सुरुवात करा, आणि तिथे दिलेल्या लिंकवरूनच पैसे भरा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांचं काय, हाही प्रश्न माझ्या मनात आहे. आमच्या गावाकडची माणसं कनवटीला रोख पैसे बांधून निघतात. त्यांना दारातल्या पाटीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणून सांगणं हा अन्याय आहे. प्रत्येक ठिकाणी एक खिडकी माणसांसाठी राहिलीच पाहिजे, आणि साठीच्या वरच्यांना तिथे बसायला बाक हवा. हे मी ठाम सांगते. तोवर मात्र ज्याला फोन वापरता येतो, त्याने आपल्याबरोबर शेजारच्या आजोबांचंही तिकीट काढून द्यावं.

आता मे महिन्यात साताऱ्याहून नणंद, तिचे सासू-सासरे आणि तीन मुलं येणार आहेत, मुंबई बघायला. ठाण्यात राहायचं आणि मुंबई दाखवायची, हे आपल्याकडे ठरलेलंच. वहीचं नवीन पान काढलंय. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद म्हणजे कान्हेरीही नाही, राणीची बाग बुधवारी बंद. काल रात्री नणंदेच्या सासूबाईंना फोन करून विचारलं, तुम्हाला काय बघायचंय? आधी म्हणाल्या, "आमचं काय, पोरांना दाखवा." मी फोन ठेवला नाही. मग हळूच म्हणाल्या की मलबार हिलला झाडांमधून जाणारा कसला तरी लाकडी पूल झालाय म्हणे, तिथून समुद्र दिसतो. तो मार्च २०२५ मध्ये उघडला, तिकीट २५ रुपये, वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, आणि पहाटे पाचपासून सुरू असतो. मंगळवारची सकाळ धरली आहे, ऊन चढायच्या आतली. कळव्याच्या खाडीवरून पहिली लोकल जाते, त्याच सुमाराला घरातून निघायचं.