कोरियन स्वयंपाक शिकताय? किमची नंतर, आधी पालक

कोरियन मालिका बघून तिथलं जेवण घरी करावंसं वाटलं की बहुतेक जण थेट कोबीच्या किमचीला, म्हणजे मीठ-मिरची लावून आंबवलेल्या भाजीला, हात घालतात. माझं स्पष्ट मत, आधी पालक करा. भात, सूप आणि भोवती लहान लहान वाट्या, म्हणजे बानचान, हे तिथलं रोजचं जेवण. आपल्या पानाची डावी बाजूच मधोमध आणून मांडल्यासारखं. त्या वाट्यांत लाल-तिखट थोडंच असतं. बऱ्याचशा भाज्या नुसत्या वाफवून, हाताने कालवलेल्या असतात. त्यांना नामुल म्हणतात आणि खरी परीक्षा तिथेच होते.

शिगुमची नामुल म्हणजे पालकाचं. निवडलेला पाव किलो पालक उकळत्या मिठाच्या पाण्यात अर्धा मिनिटच ठेवा, लगेच गार पाण्यात टाका आणि घट्ट पिळा. नव्वद टक्के बिघाड इथे होतो असं मी म्हणेन. पाणी राहिलं की मीठ-लसूण त्यात उतरतं आणि भाजी बेचव होते. फारच पिळलात तर चोथा होतो. मग पानं मोकळी करून पाव चमचा मीठ आणि एक लहान पाकळी लसूण वाटून चोळा. तिळाचं तेल सगळ्यात शेवटी, एक चमचा. आधी घातलं तर पानांवर थर बसतो आणि मीठ नीट लागत नाही. आपल्याकडे चायनीजसाठी मिळणारा काळा सोया सॉस इथे नको, भाजी काळी पडते.

तेलाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. कोरियात तीळ खरपूस भाजून तेल काढतात. आपलं घाण्याचं तेल बहुधा कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नाही. भाजलेल्या तिळाचं तेल मिळालं नाही तर दोन चमचे तीळ ताजे भाजून, हाताने भरडून घाला.

सोयाबीनच्या मोडांचं कोंगनामुल करताना झाकण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर अजिबात ठेवू नका. अर्धवट शिजल्यावर उघडलंत की कच्चा, उग्र वास राहतो.

आता आंबवायचंच असेल तर काकदुगी, म्हणजे मुळ्याची किमची, घ्या. कोबीसारखी पानं एकेक करून मिठात लोळवण्याची कटकट नाही आणि मुळा कुठेही मिळतो. एक किलो मुळ्याचे पाऊण इंची चौकोनी तुकडे करा, त्यांना दीड मोठा चमचा खडे मीठ आणि एक मोठा चमचा साखर लावून अर्धा तास ठेवा. आपला मुळा तिथल्या मुळ्यापेक्षा उग्र, म्हणून साखर वगळू नका. सुटलेलं पाणी काढून टाका, पण तुकडे धुऊ नका. मग आधी फक्त मिरची चोळा, म्हणजे रंग धरतो. त्यानंतर सहा पाकळ्या लसूण, थोडं आलं, कांद्याची पात आणि दोन चमचे फिश सॉस घाला. कोरियन मिरचीपूड मिळाली नाही तर काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची बिया काढून जाडसर भरडा, चार मोठे चमचे. घरचं झणझणीत तिखट या मापाने घातलंत तर तोंडात धरवणार नाही. बरणी पाऊणच भरा, कारण आंबताना वायू होतो. उन्हाळ्यात एक रात्र बाहेर पुरते, थंडीत दोन दिवस. आंबूस वास येऊन बुडबुडे दिसले की फ्रिजमध्ये.

कोकणातल्या घरांना तर एक पदार्थ हाताशीच आहे. सुकवलेली बारीक कोळंबी परतून कोरियात बानचान करतात, आपला जवळा त्याला उत्तम. चाळणीने वाळू-भुसा काढून मंद आचेवर कोरडाच कुरकुरीत भाजा आणि बाजूला ठेवा. त्याच कढईत एक चमचा तेल, एक चमचा सोया सॉस, दीड चमचा साखर आणि दोन चमचे पाणी उकळा. बुडबुडे दाट झाले की गॅस बंद करून मगच जवळा घाला. पाक आचेवर राहिला तर गार झाल्यावर दगड होतो, चमचासुद्धा शिरत नाही. वरून तीळ, आणि ताटलीत पसरून गार करा, डब्यात गरम भरू नका.