चेतापेशींमधली फट वीज ओलांडत नाही

समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवला जाणारा एक मजकूर तीन दावे करतो: मेंदूतली वीज ठिणगीसारखी एका चेतापेशीतून दुसरीत उडी मारते, तिथल्या प्रत्येक रसायनाचे एकच काम ठरलेले असते, आणि केळी खाल्ली की मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन वाढते.

पहिला दावा अर्धाच खरा आहे. चेतातंतूतून संदेश विद्युत स्वरूपात धावतो खरा, पण बहुतेक ठिकाणी तो तंतूच्या टोकाशी थांबतो. संदेश पोहोचताच तिथे कॅल्शियमचे आयन आत शिरतात, चेतापारेषकाने (पेशींमध्ये संदेश नेणाऱ्या रसायनाने) भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीपटलाशी एकरूप होऊन जेमतेम २० ते ४० नॅनोमीटरच्या फटीत रिकाम्या होतात आणि ते रसायन पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या रेणूंना, जाऊन चिकटते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस ही चेता उत्तेजित करून ते मंदावले आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तेव्हा तेही मंदावले. वीज द्रवाबरोबर गेलेली असणे शक्यच नव्हते. (काही चेतापेशींमध्ये प्रवाह थेट जातो, पण तिथेही उडी नसते, दोन्ही पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात.)

दुसरा दावा अधिक दिशाभूल करणारा आहे, कारण परिणाम रसायनावर नव्हे, तर ग्राहीवर ठरतो. लोवींच्या प्रयोगात द्रवातून गेलेले रसायन, म्हणजे ॲसिटिलकोलीन, हृदयाला मंद करते आणि तेच दंडाच्या स्नायूला आकुंचित करते. शेतात फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या माणसात दोन्ही परिणाम एकदम दिसू शकतात: ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकरच (एन्झाइमच) निकामी झाल्याने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, नाडी अनेकदा मंदावते आणि स्नायू थरथरतात. यावरचे औषध ॲट्रोपिन दिल्यावर लाळ आटते, नाडी वाढते. स्नायूंची थरथर मात्र त्याने थांबत नाही, कारण तिथले ग्राही वेगळ्या प्रकारचे असतात आणि ॲट्रोपिन त्यांना अडवत नाही.

तिसऱ्या दाव्याला फार शब्द खर्चण्याची गरज नाही. केळ्यात सेरोटोनिन असते, पण ते रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडत नाही. याच अडसरामुळे पार्किन्सनच्या रुग्णाला मेंदूत कमी पडणारे डोपामिन हे रसायन थेट न देता लेव्होडोपा हे औषध दिले जाते, जे मेंदूत शिरते आणि तिथे गेल्यावर त्याचे डोपामिन होते.