सात माणसांच्या घराने गाडी घ्यायचीच नाही का?

डोकं फिरलंय माझं. गणपतीपासून घरात दुसरा विषय नाही आणि अजून गाडी ठरत नाही. आम्ही सात जण. आई, बाबा, आमच्याकडेच राहणारी आत्या, मी, बायको आणि दोन मुलं. राहायला चिंचवड, गाव संगमेश्वर तालुक्यात. बजेट ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून, बारा लाख, तेही पाच वर्षांचं कर्ज काढून. मागणी एवढीच, की सातही जण सामानासकट एका गाडीत बसावेत, गाडी घाटात धापा टाकू नये आणि तिसऱ्या वर्षी गॅरेजला खेटे पडू नयेत. सनरूफ नको, दिव्यांची रंगीत पट्टी नको, आपल्याशी बोलणारी स्क्रीन तर अजिबात नको. तरी या बाजारात आमच्यासाठी नीट काही नाही!

आधी त्या तिसऱ्या रांगेबद्दल बोलू द्या. जाहिरातीत तिथे दहा वर्षांची हसरी पोरं बसलेली असतात. आमच्या आत्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मागे जायचं म्हणजे मधल्या सीटची कळ ओढा, सीट पुढे ढकला, मग उरलेल्या वीतभर फटीतून पाय उचलून, कंबरेत वाकून, कशाला तरी धरून आत शिरा. धरायचं कशाला? बहुतेक गाड्यांत तिथे नीट दांडीसुद्धा नाही. आत गेल्यावर सीट इतकी खाली की गुडघे छातीशी येतात आणि मांड्या हवेत. एका शोरूममध्ये मी स्वतः मागे बसून बघितलं. सेल्समन म्हणाला, 'सर, मागे शक्यतो कोणी बसत नाही, किड्ससाठी असतं ते.' अरे, मग सात सीटचे पैसे कशाचे घेता? गाडीच्या कागदावर सात लिहिता, जाहिरातीत सात ओरडता आणि गिऱ्हाईक मागे बसून बघायला लागलं की ते मुलांसाठी असतं?

टेस्ट ड्राइव्हचंही तेच. आईबाबांना, आत्याला घेऊन येतो म्हटलं तर तोंड वाकडं. 'सर, एक-दोन जणच या ना, रूट छोटा आहे.' मी सात माणसांसाठी गाडी घेतोय. एकट्याने रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पाच मिनिटं फिरवून मला काय कळणार आहे? रिकामी गाडी सगळीच पळते. सात माणसं, एसी चालू आणि समोर कुंभार्ली घाट, तिथे ती दुसऱ्या गिअरमध्ये कशी चढते हे मला बघायचंय. ते दाखवायला कोणी तयार नाही.

आणि डिक्की! याच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. रेनॉ ट्रायबर घ्या. स्वस्त आहे, चार मीटरच्या आत सात सीट बसवल्या आहेत, त्यासाठी डोकं चालवलंय हे मला मान्य आहे. पण सातही सीट वापरल्या तर मागे डिक्की उरते ८४ लिटर. विमानात वर ठेवतात तसल्या दोन छोट्या बॅगा, संपलं. इंजिन एक लिटरचं, ताकद ७२ पीएस, म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर. सात माणसांना घेऊन उन्हाळ्यात घाट चढताना एसी बंद करायची वेळ आली तर मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? मारुतीच्या अर्टिगात सगळ्या सीट उभ्या ठेवून २०९ लिटर. त्यातल्या त्यात बरं. पण चार दिवस गावी जायचं तर सात जणांचे कपडे, बाबांच्या औषधांची पिशवी, आत्याची कमोडची खुर्ची, येताना तांदूळ आणि नारळ, हे २०९ लिटरमध्ये बसवून दाखवा मला कोणीतरी.

मग म्हणतात सीएनजी घ्या, परवडेल. किलोला २६ किलोमीटरचा आकडा तोंडावर फेकतात. पण त्या डिक्कीत सिलिंडर येतो, हे किती जण आधी सांगतात? सिलिंडर आला की बॅगा माणसांच्या मांडीवर. वर पेट्रोलवर १०३ पीएस देणारं इंजिन सीएनजीवर ८८ वर येतं. म्हणजे मोठ्या कुटुंबाने पैसे वाचवायचे तर सामान सोडायचं, ओढही सोडायची आणि पंपावरच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना गाडीतून उतरवून उन्हात उभं करायचं.

वरच्या मॉडेलवर जावं म्हटलं तर वेगळाच संताप. पैसे जास्त भरले की सोयी वाढायला हव्यात ना? इथे मधला बाक काढून दोन 'कॅप्टन सीट' बसवतात आणि सातातलं एक माणूसच कमी करतात. एक्सएल६ ही अर्टिगाचीच बहीण, सीट सहा. बाकीच्या काही कंपन्यांच्या तीन रांगांच्या गाड्यांतही तोच प्रकार, काही भारी व्हेरिएंट हवी तर सहा जण व्हा. आम्ही कोणाला वगळायचं ते या कंपन्यांनीच येऊन सांगावं.

यावर सरकारची कृपा वेगळीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागले, टीव्हीवर दिवसभर एकच गजर, गाड्या स्वस्त झाल्या. कोणाच्या झाल्या? चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, तिला १८ टक्के. त्याच्या पुढे गेलात की थेट ४०. अर्टिगा चार मीटरपेक्षा लांब, इंजिन १,४६२ सीसी. झाले ४० टक्के. पूर्वी सेस धरून छोट्या पेट्रोल गाडीला २९ आणि अर्टिगासारख्या गाडीला ४५ टक्के पडायचे. म्हणजे फरक १६ टक्क्यांचा होता, तो आता २२ चा झाला! आम्हालाही पाच टक्के सूट मिळाली म्हणून आम्ही आनंद मानायचा. आणि या ४० टक्क्यांच्या रांगेत आमच्याबरोबर कोण उभं आहे? दीड कोटीची जर्मन गाडी. एकटा मालक मागे बसून फिरणार त्या गाडीलाही ४० आणि तीन म्हातारी माणसं, दोन पोरं घेऊन गावी जाणाऱ्या आमच्या गाडीलाही ४०. पन्नास लाखांची इलेक्ट्रिक असेल तर तिला पाचच.

हा हिशोब ज्याने केला त्याने गाडीची लांबी मोजली, आतली डोकी मोजलीच नाहीत. सात माणसं दोन छोट्या गाड्यांतून गेली तर रस्त्यावर दोन गाड्या येतील, इंधन दुप्पट जाईल, पार्किंग दोन लागतील. एका गाडीतून गेली तर सगळ्यांचाच फायदा. तरी दंड एका गाडीवाल्याला. वर राज्याचा रोड टॅक्स, पेट्रोल गाडी दहा लाखांच्या आत असेल तर ११ टक्के, त्या पुढे वीस लाखांपर्यंत १२. मोठी गाडी म्हणजे श्रीमंती, ही समजूत अजून जात नाही यांची. आमच्या घरी मोठी गाडी लागते कारण आम्ही आईवडिलांना वेगळं ठेवलेलं नाही.

शोरूमच्या कोटेशनचं काय सांगू! एक्स-शोरूमच्या खाली एकेक ओळ वाचत जा आणि रक्त तापवून घ्या. हँडलिंग चार्जेस. कसले? गाडी विकायची तर ती हाताळावी लागणारच ना, त्याचे पैसे मी का देऊ? ॲक्सेसरी किट सक्तीचं, त्यात मॅट, मडफ्लॅप आणि एक परफ्यूम. विमा बाहेरून घेतो म्हटलं तर 'मग सर डिस्काउंट बसणार नाही'. विमा कुठून घ्यायचा हा गाडी घेणाऱ्याचा हक्क आहे, शोरूमवाला सक्ती करू शकत नाही, हे त्यालाही माहीत असतं. बाहेर तीच पॉलिसी, तेवढ्याच रकमेची, बरीच स्वस्त मिळत होती. कागद त्याच्यापुढे ठेवला तर म्हणतो, क्लेमला त्रास होईल. ही सरळ भीती घालणं झालं. हवं ते व्हेरिएंट मागा तर वेटिंग, टॉप मॉडेल मात्र उद्या डिलिव्हरी.

सेकंडहँड बघा असं सांगणारे शंभर भेटतात. बघितल्या ना. इनोव्हा टिकते यात वाद नाही, २००५ साली आलेल्या पहिल्या खेपेतल्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. नवी घ्यायची तर वीस लाखांच्या आसपास जा, ते आमच्या आवाक्यात नाही. आणि जुनीचा भाव असा की दहा वर्षं वापरलेल्या, दोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीच्या किमतीत नवी कोरी छोटी गाडी येईल. त्यात फसवाफसवी किती! एका गाडीचा मीटर सत्तर हजार दाखवत होता. क्लचच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड दबून फोम बाहेर आलेला, स्टीअरिंगचं कातडं सोललेलं. सत्तर हजारांत असं होतं का? माझ्याबरोबर आलेल्या मेकॅनिकने मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला, तर आतल्या टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ! पुरातून निघालेली गाडी धुवून-पुसून विकायला ठेवली होती. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ ला चिपळूण बुडालं, त्या पाण्यात किती गाड्या गेल्या आणि त्यातल्या किती पॉलिश होऊन बाजारात आल्या, कोणी हिशोब ठेवलाय? एजंटला विचारलं तर म्हणतो, 'साहेब, इंजिन बघा, इंजिन मख्खन आहे.' माझी पोरं बसणार आहेत त्या गाडीत! पाण्यात गेलेल्या वायरिंगचा भरवसा कोणी द्यायचा?

दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर गदा आली की त्या इकडे येतात. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणा, इथला रोड टॅक्स पुन्हा भरा, आरटीओच्या फेऱ्या मारा आणि पंधरा वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच हजार. २०२२ पर्यंत तेच सहाशेत व्हायचं. स्वस्ताई गेली कुठल्या कुठे.

पूर्वी असं नव्हतं. १९९४ ला सुमो आली, २००० ला क्वालिस, २००४ ला तवेरा. मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबाने, वऱ्हाडाने, शाळेच्या सहलीने घ्यावी अशी गाडी बाजारात असायची. एअरबॅग नव्हत्या, मागे आडव्या सीटवर बेल्ट न लावता माणसं बसायची, ते परत आणा असं मी अजिबात म्हणत नाही. पण ताठ बसता येईल अशी सीट, मोठं दार आणि सामानाला जागा, एवढं तरी त्या गाड्या बनवणाऱ्यांना कळत होतं. आपल्या नाशिकला बनणारी महिंद्राची मराझो २०१८ ला आली. सात-आठ माणसांना खरंच जागा, मागच्यांना छतातून एसीचा वारा. ती चालली नाही म्हणून बंद. लोकांना उंच, दांडगी दिसणारी गाडी हवी, मग आत माणूस आखडून बसला तरी चालेल. आता बारा लाखांच्या आत बघायला गेलं तर फिरून फिरून अर्टिगा, नाहीतर तीच गाडी वेगळ्या नावाची टोयोटा रुमियन, नाहीतर बोलेरो. बोलेरो दणकट, घाटाला उत्तम, पण मागच्या दोन सीट आडव्या. तिथे आत्याला पाच-सहा तास बसवू?

सगळ्यात जास्त चीड नातेवाइकांची येते. 'पाच सीटर घे, चांगली कॉम्पॅक्ट एसयूव्ही येईल. आईबाबांना एसटीने पाठव. बाबांना पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, बायकांना अर्धं तिकीट.' हे सख्ख्या माणसाने सांगितलं मला. बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, तासाभराने गाडी थांबवावी लागते. एसटी थांबणार आहे का त्यांच्यासाठी? ज्यांनी आम्हाला मांडीवर घेऊन लाल डब्यातून गावाला नेलं, त्यांना आता आमच्या गाडीत जागा नाही म्हणून पुन्हा त्याच लाल डब्यात बसवू? आणि आम्ही मागून एसी लावून जाऊ? 'वर्षातून चारदा तर जाता, भाड्याने करा' म्हणणाऱ्यांनी गणपतीतले दर विचारून बघावेत. शिवाय बाबांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं तेव्हा भाड्याची गाडी कोण आणून देणार?

काल पुन्हा शोरूमचा फोन. 'सर, महिनाअखेर आहे, आज बुकिंग केलं तर स्पेशल ऑफर.' मी सांगितलं, हँडलिंग चार्जेसची ओळ खोडा, विमा मी बाहेरून घेणार, आणि गाडी रविवारी घरी आणा. सातही जण बसणार, डिक्कीत आमच्या बॅगा टाकणार आणि कात्रजचा जुना घाट चढून येणार. आत्या म्हणाली बसता येतंय, तर त्याच दिवशी टोकन देतो. 'विचारून सांगतो सर' म्हणून फोन ठेवला, अजून उत्तर नाही.